जुनी कोरीव लाकडी पेटी: ती कुठली, किती जुनी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वारशात आलेली, जुन्या बाजारात मिळालेली किंवा घर आवरताना निघालेली कोरीव पेटी पुढे करून "ही कुठली असेल?" असं विचारणारे पुष्कळ असतात. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. जिथे दुसऱ्या उत्तराची गरज पडते, तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. पेटी समोर आहे. आधी काय बघू?

ती उलटी करा. झाकणावरची नक्षी गिऱ्हाइकाला भुलवण्यासाठी असते. तळ कारागिराने कोणाला दाखवण्यासाठी केलेला नसतो, म्हणून तो जास्त खरं सांगतो. तळानंतर आतली बाजू, मग सांधे, मग बिजागऱ्या आणि कुलूप, मग लाकूड, आणि नक्षी सगळ्यात शेवटी. बहुतेक जण नेमकं उलट्या क्रमाने जातात. झाकणावर कमळ दिसलं की "भारतीय", ड्रॅगन दिसला की "चिनी" असं ठरवून टाकतात आणि पुढचा प्रत्येक पुरावा त्या निष्कर्षात बसवत राहतात.

दहापट मोठं दाखवणारं भिंग, टॉर्च, लोहचुंबक आणि मोजपट्टी एवढं पुरतं. टॉर्च समोरून न मारता पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून तिरका धरा. रंध्याच्या लाटा, पटाशीचे घाव, पुसट झालेली पेन्सिलची अक्षरं अशी कितीतरी न दिसणारी खूण त्या तिरक्या उजेडात उठून येते.

२. खूप मळली आहे. आधी स्वच्छ करून घेऊ का?

नको. कोपऱ्यांतला मळ, बिजागरीखालचा कळंक, तळाचा फाटका कागद हे सगळे पुरावे आहेत. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका आणि तिथेच थांबा. पाणी, तेल, लिंबू, पितळ घासायची पावडर, सँडपेपर यातलं काहीही लावू नका. पॉलिश काढून नवं चढवलेल्या पेटीचं वय सांगणं जाणत्यालाही अवघड जातं, आणि संग्राहकांच्या दृष्टीने तिची किंमतही उतरते.

३. लाकूड ओळखलं की देश कळलाच ना?

नाही. लाकूड एका ठिकाणी वाढतं, दुसऱ्या ठिकाणी कोरलं जातं आणि तिसऱ्या ठिकाणी विकलं जातं. आबनूस, महोगनी, चंदन शतकानुशतकं जहाजांतून फिरत आलं आहे. लाकडावरून एखादी शक्यता बाद करता येते, सिद्ध मात्र क्वचितच होते. त्यातल्या त्यात तळाचं किंवा आतल्या कप्प्याचं, न दिसणाऱ्या जागी वापरलेलं हलकं लाकूड जास्त उपयोगी, कारण त्यासाठी कोणी लांबून माल मागवत नाही. जे हाताशी असतं तेच तिथे लागतं.

४. घरच्या घरी लाकूड कसं ओळखायचं?

रंगावर विसंबू नका, रंग चढवलेला असू शकतो. जिथे पॉलिश पोचलेलं नाही अशी जागा शोधा: कुलपाची खाच, तळाची आतली कड, बिजागरीखालची जागा. फळीचं आडवं कापलेलं टोक दिसत असेल तर भिंगाने तिथली छिद्रं पाहा.

अक्रोड चॉकलेटी-करडा, मध्यम वजनाचा. त्याची छिद्रं बारीक काळसर रेघांसारखी दिसतात. शिसम जड, सोनेरी तपकिरी, त्यात गडद पट्टे. चंदन फिकट पिवळट-तपकिरी आणि इतकं बारीक पोताचं की छिद्रं नुसत्या डोळ्यांना दिसतच नाहीत. लिंडेन हलकं, फिकट आणि मऊ. त्याचे रेषे जेमतेम जाणवतात, म्हणून युरोपातल्या कोरणाऱ्यांचं ते आवडतं, आणि म्हणूनच त्याला बहुतेक वेळा गडद रंग दिलेला असतो. ऑलिव्हच्या पिवळसर अंगावर काळपट वळणदार रेषा असतात. खरं आबनूस पाण्यात बुडेल इतकं जड असतं, पण ते बुडवून बघू नका. एखादी टवका उडालेली कड पाहा. आत तपकिरी लाकूड दिसलं तर ते दुसरंच लाकूड काळं रंगवलेलं आहे.

वासाचा पुरावा कुलपाच्या खाचेत नाक लावून घ्या. आतल्या पृष्ठभागावर कोणी चंदनाचं किंवा कापराचं तेल चोळलं असेल तर तिथला वास फसवतो.

५. कोरीवकाम हाताचं आहे की यंत्राचं?

एकाच आकृतीच्या दोन प्रती शोधा, म्हणजे डावं पान आणि उजवं पान. हातकामात दोन्ही सारखी वाटतात, पण मोजली की फरक निघतो: देठ जरा लांब, एक शीर जास्त खोल. खोलगट जागेच्या तळाशी पटाशीचे छोटे सपाट घाव असतात आणि पार्श्वभूमी पूर्ण समतल नसते. फिरत्या पात्याच्या यंत्राने केलेल्या कामात आतले कोपरे टोकदार होत नाहीत, पात्याच्या गोलाईएवढे गोल राहतात.

तिसरीही शक्यता आहे. ती पेटी कोरलेलीच नसेल, साच्यातून काढलेली असेल. लाकडाचा भुसा आणि रक्तातलं प्रथिन एकत्र दाबून घट्ट, चकचकीत नक्षी बनवण्याची पद्धत फ्रान्समध्ये १८५० च्या दशकात निघाली. आजकाल हेच काम राळ करते. उठावावरून लाकडाचे रेषे पुढे जात नसतील, खोलगट भागात बारीक बुडबुडे असतील किंवा कडेने साच्याची शिवण दिसत असेल, तर पटाशीचा शोध थांबवा.

६. नक्षीवरून प्रदेश ओळखता येतो का?

येतो, पण नक्षी, लाकूड आणि बांधणी अशा तीन गोष्टी एकत्र जुळल्या तर. सर्वाधिक विचारले जाणारे प्रकार असे.

अक्रोडाचं लाकूड, त्यात चिनारची पानं, कमळ, गुलाब, द्राक्षांचे घोस, आणि पानांच्या कडा खालून पोखरून वर उचललेल्या: हे काश्मीर. काश्मिरी पेट्यांत सरकत्या पट्ट्यांचं छुपं कुलूपही पुष्कळदा सापडतं (प्रश्न १४). शिसमावर दाट वेल आणि त्यात ठोकून बसवलेली पितळेची तार किंवा पत्रा असेल तर सहारनपूरकडे बघा. तिथल्या छोट्या पेट्या विसाव्या शतकात जगभर गेल्या. चंदनाच्या फळीवर एक बोटही जागा न सोडता देवदेवता, प्राणी आणि पानांची गर्दी असेल तर कर्नाटकातल्या सागर-सोरब भागातल्या गुडिगार या कोरीवकाम करणाऱ्या समाजाचं काम असण्याची शक्यता मोठी. तशाच चंदनी फळ्यांच्या कडेने हस्तिदंत, शिंग, कथील आणि रंगीत लाकूड यांच्या तुकड्यांची बारीक भौमितिक पट्टी असेल तर ते एकोणिसाव्या शतकातलं "बॉम्बे" काम. या पट्टीला सादेली म्हणतात. वेगवेगळ्या पदार्थांच्या काड्या एकत्र चिकटवून त्यांच्या पातळ चकत्या कापतात, म्हणून तोच तारा पट्टीभर पुन्हा पुन्हा येतो. ही रीत इराणकडून सिंध-गुजरातमार्गे आली. त्यामुळे शिराझच्या पेट्या आणि या पेट्या लांबून सारख्या वाटतात. फरक चंदनाच्या कोरीव फळ्यांचा.

उतरत्या छपरासारखं झाकण आणि त्यावर पितळेच्या ठसठशीत पट्ट्या म्हणजे केरळची नेट्टूर पेटी.

अस्वलं, एडेलवाइसची फुलं, आयव्हीची पानं असलेल्या पेट्यांना बाजारात सरसकट "ब्लॅक फॉरेस्ट" म्हणतात. हे नाव जर्मनीतलं, पण त्यातलं बरंचसं काम स्वित्झर्लंडमधल्या ब्रीन्झ गावाचं आणि त्याच्या आसपासचं. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून प्रवाशांसाठी कोरीवकाम होत आलं. शिंपल्याचे तुकडे बसवलेली अक्रोडाची भौमितिक पेटी बहुधा दमास्कसची. ऑलिव्हच्या लाकडावर नाचणारी जोडपी किंवा पाकोळी पक्षी जडवलेले असतील तर इटलीतलं सोरेन्टो. पातळ लाकडाचे थरावर थर आणि प्रत्येक थराच्या कडेला दातेरी खाचा असतील तर ते "ट्रॅम्प आर्ट": सिगारच्या रिकाम्या खोक्यांचं लाकूड वापरून साधारण १८७० ते १९४० या काळात अमेरिकेत आणि युरोपात हौशी हातांनी केलेलं काम. अशा पेटीच्या आत डोकावून पाहा, एखाद्या थराच्या मागच्या बाजूला सिगारच्या कंपनीचा शिक्का तसाच राहिलेला असतो.

७. झाकणावर सहा पाकळ्यांचं फूल आहे. हे कुठलं?

एवढ्यावरून कुठलंच नाही. हे फूल कंपासने काढता येणारी सगळ्यात सोपी आकृती आहे. म्हणून ते पोलंडच्या तात्रा डोंगरांतल्या पेट्यांवर, हॉलंडमधल्या फ्रीजलंडच्या खाचकामात, नॉर्वेत, हिमालयाच्या दऱ्यांत, सगळीकडे आहे. फुलाच्या मध्यावर भिंग धरलं तर कंपासच्या टोकाचं भोकही दिसतं. भोवतीची नक्षी, लाकूड आणि पेटीचा आकार यांच्याकडे वळा.

८. स्क्रू आणि खिळ्यांवरून वय कसं सांगतात?

हे सगळ्यात भरवशाचं साधन आहे, कारण यातल्या काही तारखा पक्क्या आहेत. बिजागरीचा एक स्क्रू हलक्या हाताने काढा. टोक बोथट, डोक्यावरची खाच मध्यावर नाही, आटे असमान आणि कानशीने घासल्यासारखे असतील तर तो हाताने पुरा केलेला स्क्रू. साधारण १८५० च्या आधीचा. टोकदार स्क्रू १८४० च्या दशकाच्या अखेरीपासून यंत्रावर निघू लागले. डोक्यावर अधिक चिन्हासारखी खाच असेल तर तो स्क्रू १९३० च्या दशकाच्या मध्यानंतरचा.

खिळ्याचंही तसंच. चारही बाजूंनी निमुळता आणि डोक्यावर हातोड्याचे पैलू असलेला खिळा लोहाराने घडवलेला. दोन बाजू समांतर आणि दोन निमुळत्या असतील तर पत्र्यातून कापलेला, म्हणजे मुख्यतः एकोणिसाव्या शतकातला. गोल तारेचे खिळे १८८० नंतर सर्रास दिसू लागतात.

पण या तारखा "याच्या आधीचं नाही" एवढंच सांगतात. आडवळणाच्या गावातला कारागीर घडीव खिळे पुढेही कितीतरी वर्षं वापरत राहतो. उलट, जुन्या पेटीत नवा स्क्रू आला तर पेटी नवी होत नाही, दुरुस्ती नवी असते (प्रश्न १०).

९. सांध्यांकडे आणि करवतीच्या खुणांकडे कसं बघायचं?

कोपऱ्यातल्या डव्हटेल सांध्याचे (दोन फळ्या एकमेकींत अडकवणाऱ्या, टोकाकडे रुंद होणाऱ्या दातांच्या सांध्याचे) दात मोजा. हाताने कापलेले दात कमीजास्त रुंदीचे असतात आणि फळीच्या कडेला आखणीची बारीक ओरखड्यासारखी रेघ राहिलेली असते. सगळे दात अगदी एकसारखे असतील तर यंत्र, म्हणजे एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध किंवा नंतरचा काळ. तळाच्या न रंधलेल्या फळीवर सरळ, विषम अंतराच्या रेघा हातकरवतीच्या. कमानीसारख्या वळणदार रेघा गोल करवतीच्या. तळ प्लायवुडचा असेल तर तो तळ बहुधा विसाव्या शतकातला किंवा नंतरचा आहे.

लाकूड आडव्या दिशेने आकसतं, लांबीच्या दिशेने जवळजवळ नाही. म्हणून चरकावर (लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर) काढलेली गोल डबी रेष्यांच्या दिशेने आणि त्याला आडवी अशी दोनदा मोजा. जुनी डबी किंचित लंबगोल भरते. हा परिणाम नकली माल करणाऱ्याला सहज साधत नाही.

१०. बिजागऱ्या आणि कुलूप मूळचे आहेत हे कशावरून?

त्यांच्याभोवती सावली शोधा. जुनी बिजागरी काढून वेगळ्या मापाची लावली असेल तर शेजारी फिकट लाकडाची कड, बुजवलेली भोकं किंवा रिकामी खाच राहते. मूळच्या बिजागरीखालचं लाकूड स्वच्छ, फिकट आणि कडांना बिजागरीच्याच आकाराचं असतं. पितळेचा हिरवट कळंक तिथल्या लाकडात मुरलेला असतो. लोहचुंबक लावून पाहा. "पितळ" चिकटलं तर तो मुलामा दिलेला लोखंडी पत्रा.

कुलपाच्या पट्टीवर मुकुट आणि व्हिक्टोरिया राणीच्या नावाची आद्याक्षरं असतील तर ते कुलूप १८३७ ते १९०१ मधलं ब्रिटिश. फक्त कुलूप. ब्रिटिश कुलपं जगभर विकली जात आणि बाहेर बनलेल्या पेट्यांना बसवली जात.

११. तळावर देशाचं नाव छापलंय. हे पक्कं ना?

बऱ्यापैकी पक्कं, आणि त्यातून काळही कळतो. अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ली कायद्याने आयात मालावर मूळ देशाचं नाव इंग्रजीत घालणं सक्तीचं झालं आणि ही अट मार्च १८९१ पासून लागू झाली. म्हणून अमेरिकेला जाणाऱ्या मालावर त्यानंतर नाव दिसतं. जपानी मालावर "निप्पॉन" १९२१ पर्यंत, त्यानंतर "जपान". "ऑक्युपाइड जपान" असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतरची, १९५२ पर्यंतची मोजकी वर्षं. "वेस्टर्न जर्मनी" १९४९ ते १९९०, "झेकोस्लोव्हाकिया" १९१८ ते १९९२, "सिलोन" १९७२ पर्यंत.

नाव नाही म्हणून पेटी १८९१ च्या आधीची, असा उलटा तर्क मात्र करू नका. नाव पुष्कळदा कागदी लेबलवर असायचं आणि लेबल गळून जायचं. शिवाय अमेरिकेला न गेलेल्या मालाला ही अट नव्हतीच. आणखी एक: दुकानदाराचा शिक्का म्हणजे विकल्याची जागा, बनवल्याची नव्हे.

१२. आत मखमल आणि खाली वर्तमानपत्र आहे. त्याचा उपयोग?

वर्तमानपत्रावर तारीख असेल तर एक गोष्ट नक्की: अस्तर त्या दिवसानंतर लावलं. पेटी त्याच्या किती आधीची हे कागद सांगत नाही. पण भाषा आणि गाव पाहा. त्या काळी पेटी कुठे होती याचा तो सरळ पुरावा आहे. कापडाचा भडक जांभळा रंग कृत्रिम असेल तर १८५६ च्या आधी जाता येत नाही, कारण पहिला कृत्रिम जांभळा रंग त्या वर्षी सापडला. अतिनील टॉर्च मिळाला तर अंधारात मारून पाहा. कागद किंवा धागे निळसर पांढरे चमकले तर त्यात चमक आणणारी रसायनं आहेत आणि ती साधारण १९५० नंतरची. त्याच उजेडात चपड्याचं जुनं पॉलिश नारिंगी झाक देतं, ते बाहेरूनही बघून घ्या.

१३. पांढरं जडावकाम हस्तिदंताचं आहे का? आणि असेल तर?

भिंगाखाली बारीक काळे ठिपके किंवा तुटक रेघा दिसल्या तर ते हाड. त्या रक्तवाहिन्यांच्या नळ्या. हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या कमानदार रेषांची जाळी असते. एकसारख्या, समांतर रेघा असतील किंवा काहीच नसेल तर सेल्युलॉइड किंवा प्लास्टिक. तापलेली सुई टोचून बघण्याचा सल्ला पुष्कळ ठिकाणी मिळतो, तो ऐकू नका. सेल्युलॉइड पेट घेतं, आणि खरा दात असेल तर कायमचा डाग पडतो.

हस्तिदंत निघालं तर विकण्याआधी किंवा सीमेपलीकडे पाठवण्याआधी आपल्या देशाचा कायदा बघा. वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स करारानुसार १९८९ मध्ये आफ्रिकी हत्ती सर्वांत कडक यादीत गेला, आणि जुन्या वस्तूंना मिळणारी सूट देशागणिक वेगळी आहे. शिसम-रोझवुडच्या गटातल्या झाडांवरही २०१७ पासून निर्बंध आहेत, मात्र छोट्या तयार वस्तूंना त्यात सवलत मिळाली आहे.

१४. पेटी उघडतच नाही. चोरकप्पा असेल का?

आधी जोर लावणं थांबवा. बाहेरच्या प्रत्येक पट्टीला, पायाला, कोपऱ्यातल्या फुलाला अंगठ्याने हलकेच बाजूला सरकवून पाहा. जिथे हजारदा बोट लागलं आहे तिथलं पॉलिश जास्त गुळगुळीत असतं. जपानच्या हाकोने भागातल्या रंगीत लाकडी जोडकामाच्या पेट्या ठरावीक क्रमाने अनेक पट्ट्या सरकवल्याशिवाय उघडत नाहीत. काश्मिरी पेट्यांत बहुधा एकदोन पट्ट्यांमागे किल्ली किंवा किल्लीचं भोक असतं. उघडलेल्या पेटीत चोरकप्पा आहे का, हे मोजपट्टी सांगते: बाहेरची खोली आणि आतली खोली यातला फरक तळाच्या जाडीपेक्षा बराच जास्त असेल तर मध्ये जागा आहे.

१५. किड्यांची भोकं आहेत, म्हणजे जुनीच ना?

किडा पेटीचं वय बघत नाही. फर्निचर पोखरणाऱ्या भुंग्याचं बाहेर पडण्याचं भोक गोल, सुमारे दीड-दोन मिलिमीटरचं असतं आणि आतला बोगदा वाकडातिकडा जातो. बारीक तार आत घातल्यावर ती सरळ जात असेल आणि सगळी भोकं एका मापाची असतील तर ड्रिलचा संशय घ्या. कोरलेल्या पृष्ठभागावर बोगदे उभे चिरल्यासारखे, पन्हाळीसारखे उघडे दिसत असतील तर जास्तच सावध व्हा, कारण किडा आधी लागला आणि पटाशी नंतर चालली. म्हणजे जुनं लाकूड, नवं कोरीवकाम. भोकांतून ताजी भुकटी गळत असेल तर पेटी पिशवीत बंद करून इतर लाकडापासून दूर ठेवा.

१६. कार्बन डेटिंग करून घेऊ का?

अशा पेटीसाठी पैसे वाया जातील. ही चाचणी झाड कधी वाढलं ते सांगते, पेटी कधी कोरली ते नाही. त्यातून सुमारे १६५० ते १९५० या काळासाठी तिचं उत्तर इतकं संदिग्ध येतं की दोन-अडीचशे वर्षांच्या पट्ट्यात काहीही बसतं. शिवाय तुकडा कापून द्यावा लागतो. वाढकड्या मोजण्याच्या पद्धतीला भरपूर कड्या लागतात, त्या छोट्या फळीत क्वचितच मिळतात. खर्च करायचाच असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली लाकडाची जात ओळखून घ्या. त्याला आतल्या बाजूची एक बारीक ढलपी पुरते.

१७. जाणकाराला फोटो पाठवायचे आहेत. कोणते?

झाकणाचे दहा फोटो नकोत. तळ, उघडलेलं झाकण आतून, एक कोपरा जवळून, बिजागरी आणि तिचा काढलेला स्क्रू मोजपट्टीशेजारी, कुलूप, प्रत्येक शिक्का, आणि तिरक्या उजेडात नक्षीचा एक भाग. सोबत लांबी-रुंदी-उंची, वजन आणि पेटी तुमच्याकडे कशी आली ते लिहा. "राजवाड्यातून आलेली" असं घरात सांगत असतील तर तेही लिहा, पण कोणी सांगितलं आणि त्या माणसाने पेटी स्वतः कधी पाहिली यासकट.

१८. नक्षी खूप जुनी वाटते, पण सांधे आणि खिळे नवे आहेत. मग खरं काय?

दोन्ही खरं असू शकतं. जुन्या दाराची, पलंगाची किंवा फुटक्या कपाटाची कोरीव फळी कापून तिची पेटी करण्याची चाल पुष्कळ ठिकाणी आहे. खूण सोपी: नक्षी कडेला अर्धवट कापली जाते. वेल मध्येच तुटतो, मोराला शेपटी उरत नाही, किनारीची पट्टी तीन बाजूंना असते आणि चौथीला नाही. कापलेली कड आणि कोरलेला चेहरा यांच्या रंगातही फरक असतो. पेटीसाठीच कोरलेल्या फळीवर कारागीर चौकट आधी आखतो आणि नक्षी तिच्यात बसवतो, कुलपाच्या भोकालासुद्धा जागा सोडतो.

फसवण्याचा हेतू नेहमी असतोच असं नाही. पुष्कळदा घरच्याच मोडक्या वस्तूचा चांगला भाग कोणीतरी वाया जाऊ दिलेला नसतो. अशा पेटीच्या नोंदीत एकच तारीख घालायचा हट्ट धरू नका. फळी कुठली आणि कधीची हे एका ओळीत, पेटी कुठे आणि कधी जोडली हे दुसऱ्या ओळीत, आणि प्रत्येक ओळीपुढे ती कोणत्या खुणेवरून लिहिली ते लिहा.